चिठ्ठी नसलेलं पान

हे लिहायचं तीन आठवडे टाळतोय. लाज वाटत होती, आणि मधे पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगचं काम मिळालं... तिथल्या गमती पुन्हा कधीतरी.

तर पेठकडच्या डोंगरात मी आणि दोस्त रघ्या हिंडायला निघालो होतो. रानभाज्यांचं एक पुस्तक माझ्याकडे आहे, नाशिकरोडच्या एका रिटायर्ड सरांनी स्वतः छापलेलं. पण ते नांदगावला मावशीच्या ट्रंकेत. आणायला कोण जाणार?

सातपूरच्या सायबरमध्ये शोधलं तर कुणीतरी अख्खं स्कॅन करून नेटवर टाकलेलं. हे बरोबर का, असं मी सायबरवाल्या बंडूदादाला विचारलं. तो म्हणाला, "तू पुस्तकाचे पैसे मोजलेत ना? मग काय टेन्शन." मलाही तेच ऐकायचं होतं. प्रिंटा काढल्या, निघालो.

डोंगरात रघ्यानं एक कंद उकरला. प्रिंटमधलं चित्र हुबेहूब, खाली लिहिलेलं, 'उकडून खातात'. त्यानं चूल पेटवली, पाणी ठेवलं... आणि मला एकदम डिंकाचा वास आठवला.

माझ्या पुस्तकात त्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. दोन कंदांच्या चित्रांची छापताना अदलाबदल झाली होती, त्यातला एक विषारी. सरांनी प्रत्येक प्रतीत हातानं चिठ्ठी लावली होती. वाचताना मी तिचं टोक नखानं उचकटत बसायचो. स्कॅन केलेल्या प्रतीतली बहुतेक गळून पडली असावी.

भांडं ओतून टाकलं. रघ्या म्हणाला, "म्हणजे फुकटात मेलो असतो की रे."

परत आल्यावर प्रिंटच्या शेवटच्या पानावरचा नंबर लावला आणि सरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी विचारलं, "त्या मुलानं खाल्लं नाही ना?"

नंतर म्हणाले, "पुस्तक घेतलंस म्हणजे वाचायला घेतलंस. नक्कल करायची तर विचारायचं. कायदा राहू दे, मी फोन उचलतो की." मग इतर लोक ती फाईल बघत असतील त्यांचं काय, म्हणून मी विचारलं. विचार करतो म्हणाले. मी कुठे भेटतो विचारलं, बंडूदादाच्या सायबरचा पत्ता लिहून घेतला आणि फोन ठेवला. त्यानंतर काहीच नाही...

माझी फाईल मी पुसली. पण ती नेटवर अजून आहेच, आणि कुणीतरी कुठेतरी चूल पेटवत असेल, हे डोक्यातून जात नाही. म्हणून त्याच सायबरमध्ये बसून हे लिहितोय. कुणाकडे ती फाईल असेल तर कंदांच्या पानावर विश्वास ठेवू नका. सरांना मात्र थँक्यू, आधी रघ्याबद्दल विचारल्याबद्दल.

थांबा... बंडूदादा हाक मारतोय. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे आहेत, खांद्याला शबनम, हातात तेच पुस्तक, चिठ्ठीसकट. विचारतायत, हे चिठ्ठीचं पान त्या फाईलमध्ये घालायचंय, स्कॅनचं मशीन कोणतं?