गाडीखालचा सुभेदार

"दावं ढिलं करू नगा, पप्पा. बैलगाड्यांची घुंगरं वाजाय लागल्यात. सुटला तर गेलाच त्यो."

क्रांतीचा बाप मानसिंग गोठ्यात शेण ओढत होता. असं किती दिवस कुत्र्याला म्हशीच्या दाव्यानं बांधणार, असं त्यानं वर न बघताच विचारलं. दुधाची किटली सायकलीला अडकवून क्रांती तशीच उभी, एक पाय पायडलवर, नजर दाव्यावर. डेअरी बंद व्हायची वेळ झाली तरी पाऊल निघंना.

क्रांती सहावीला. उन्हाळ्यात चुलत्याला दवाखान्यात बघायला बापासंगं मिरजेला गेली आणि येताना कुत्रं घेऊन आली. तिथं भार्गवीताई टाकलेल्या, जखमी कुत्र्यांना सांभाळतात. बाकीची कुत्री जाळीला झोंबत होती, हा एकटा अंगणातल्या टेंपोखाली बसलेला. ऊसतोड संपल्यावर कारखान्याच्या रस्त्याकडंला पाय मोडून पडला होता, एवढंच ताईंना ठाऊक. क्रांतीला तोच पाहिजे होता. ताईंनी अट घातली, "याला बांधायचं नाही. दिवाळीनंतर बघायला येईन. बांधलेला दिसला तर परत नेईन." क्रांतीनं शब्द दिला.

उंबऱ्यात आईनं नव्या बैलासारखं त्याच्या पायावर पाणी ओतलं. क्रांतीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या हरणाबाईनं भिंतीवरनं तोंड काढलं. गावात कुत्र्यांचा दुष्काळ पडलाय व्हय, मिरजंवरनं आणाया? पुढं दवाखान्यातनं चुलता घरी आला. तो मिलिटरीतनं नाईक म्हणून रिटायर झालेला. कुत्र्याचं ताठ बसणं बघून त्यानंच नाव ठेवलं, सुभेदार. आता घरातल्या घरात ह्या वरच्या हुद्द्यावाल्यालाच सलाम मारायचा, म्हणून कुरकुरलाही.

सुभेदार गुणाचा होता, पण उघड्यावर कधी बसला नाही. खाटंखाली, ट्रेलरखाली, काहीतरी डोक्यावर पाहिजेच.

दिवाळी झाली. कारखान्याचं धुराडं पेटलं, बीडकडची ऊसतोडीची टोळी ओढ्याकाठी उतरली. उसाची पहिली बैलगाडी दारावरनं गेली आणि सुभेदार भाकरी टाकून मागं पळाला. क्रांतीनं अनवाणी धावत जाऊन वळणावर धरला. त्या दिवसापासनं दावं. त्याचं विव्हळणं तिला वर्गातही ऐकू यायचं. दावं तुटलं असंल का, ही एक धाकधूक. रस्त्यावर कुठली गाडी थांबली की ताई आल्या असतील, ही दुसरी.

आता घुंगरं अगदी जवळ आली. सुभेदारानं दावं असं ताणलं की मानंवरचं सोललेलं कातडं दिसलं. क्रांतीनं सायकल भिंतीला टेकवली. वाकून गाठ सोडली.

"जा. जायाचं तर जा एकदाचा."

तो गेला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. पण कुठल्या माणसाकडंही गेला नाही. सरळ गाडीखाली शिरला आणि दोन चाकांच्या मधनं, सावली धरून, बैलांच्या चालीनं चालाय लागला.

डेअरीत तिनं उशिराची बोलणी खाल्ली. शाळेत खिडकीशी बसून रस्ता बघत राहिली. घरी आल्यावर चहाही घेतला नाही.

दिवस कलला तशा रिकाम्या गाड्या माघारी आल्या. पहिलीखाली कोणी नव्हतं. दुसरी दारात थांबली. खालनं सुभेदार निघाला, हौदातलं पाणी प्याला आणि आपल्या पातेल्यापुढं ताठ बसला.

गाडीवान हसत होता. "कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत आलं अन् माघारी आलं. भाकर टाकली तर तोंड लावलं नाही. राबायचं आमच्याकडं, खायचं तुमच्याकडं. असला गडी कुठं मिळतो?"

क्रांतीला हसू आलं नाही. "तुमचा हाय का ह्यो?"

"माझा नाही, बाय. कुणाच्या तरी गाडीखाली वाढलेला दिसतोय."

"मग त्यांची गाडी गावली तर?"

गाडीवानानं कासरा हालवला. "तर जाईल बी. काय सांगावं."

रात्रभर क्रांती कूस बदलत राहिली. सकाळी तिनं दावं खुंटीवरनं काढलं नाही. घुंगरं वाजली, सुभेदार खाटंखालनं निघून गाडीखाली गेला. ती वळणापर्यंत बघत राहिली. मग आईनं दुधाची किटली पुढं केली. तिनं ती अडकवली आणि डेअरीकडं पायडल मारलं.