डब्यासकट तोललेला ढग

थंडीत लखनौला जायचं ते खायला, असा माझा शास्त्राधार. या वेळी ताईने निराळं निमित्त दिलं. "मुक्ताचा सेमिनार आहे नि पोरगी जेवत नाहीये. ये." मुक्ता माझी भाची. तारे जन्मतात त्या धुळीच्या ढगांचं तापमान आणि वजन काढते. आमच्या कुळात धूळ आजवर फक्त झटकली गेली.

धुक्यामुळे विमान लखनौच्या अमौसी विमानतळावर उशिरा टेकलं. सामान कमी असेल तर टॅक्सी करू नका. मेट्रो तिथून थेट इंदिरा नगरला, ताईच्या घराजवळ नेते.

मुक्ताला मराठी कळतं, उत्तर हिंदीत येतं. "धूल की चमक से तापमान, दोनों से वज़न. मेरा बादल सबसे भारी है, मामा."

"मग घास का उतरत नाही?"

"सर कहते हैं, इतना भारी कैसे? फिर से देखो."

सकाळी तिघांनी चौकात मक्खन मलाई, म्हणजे दुधाचा गोड फेस, खाल्ली. लवकर जा, ऊन चढलं की संपते. मग मिठाईचं दुकान. दुकानदाराने छोटा डबा ठेवून काटा शून्यावर आणला आणि बर्फी भरली मोठ्या, जाड डब्यात.

ताई कडाडली, "भैया, जो डिब्बा भरेंगे, वही तौलिए!"

"अरे बहनजी, डिब्बे का क्या वज़न!"

एरवी अशा वेळी मुक्ता दूर जाऊन उभी राहते. आज जागच्या जागी थबकली. "मामा, मैंने यही किया है."

ढगाच्या मागेपुढेही धूळ असते. शेजारच्या आकाशाची चमक मोजून ती वजा करतात. मुक्ताने सगळ्या ढगांना एकच आकडा लावला होता, आणि हा ढग होता भलत्याच धुळकट भागात.

घरी तिने पुन्हा गणित मांडलं. वजन चांगलंच उतरलं, पहिला नंबर गेला.

ताई हळूच म्हणाली, "सेमिनार उद्यावर आलाय. जुनाच आकडा राहू दे ना."

"मम्मी, आप? डिब्बे वाली?"

ताईने उठून कुकर लावला. मी धर्मशास्त्र काढणार होतो, गरज पडली नाही.

थोड्या वेळाने मुक्ता स्वयंपाकघरात आली. "बादल पहले से ठंडा निकला. ठंडा ही तो सिमटकर तारा बनता है." आणि ताट ओढून वरणभात जेवली, दोनदा.

सेमिनारच्या दिवशी मी परतीच्या वाटेवर होतो. सांगलीला घरी पोचलो तेव्हा तिचा फोन आला. सरांनी खोदून खोदून विचारलं, आकडा टिकला. मग चक्क मराठीत म्हणाली, "मामा, हलका आहे, पण तारा होणार."

बर्फी संपली. डबा मात्र कपाटावर आहे. बायको त्यावरची धूळ झटकते, आणि मी हल्ली 'जरा थांब' म्हणतो.