लाल पेन पाण्यात

वाहन परवान्याची परीक्षा घेणारे एक साहेब होते. शिकाऊ चालकाच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी सव्वीस वर्षं काढली. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तक्ता आणि हातात लाल पेन. कचेरीतली माणसं तोंडावर त्यांना 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'लाल पेन'. त्यांनी नापास केलेलं निदान एक माणूस शहरातल्या जवळजवळ प्रत्येक घरात होतं. काही घरांत तर बापाला आणि मुलीला, दोघांनाही हा मान मिळाला होता.

नुसतं नापास करून थांबले असते, तर लोकांनी पोटात घातलं असतं. पण साहेब गाडी चालू असताना बोलत. आरशात बघितलंत म्हणता, मग मान कशी हलली नाही? हा सिग्नल तुम्ही दिलात, की धक्का लागून आपोआप लागला? हे सगळं अगदी हळू, साखरेत घोळवलेल्या आवाजात. चांगला हात बसलेल्या माणसालाही मग ब्रेक कुठला आणि क्लच कुठला ते आठवेनासं होई. साहेब फुली मारत. पेनाची ती करकर ऐकून समोरच्याचं आणखी काहीतरी चुके, की दुसरी फुली.

घरी पुठ्ठा नसे एवढंच. जावई पसंत करतानाही त्यांनी त्याला आधी गाडी चालवून दाखवायला लावली होती. शंभरात एकसष्ट गुण दिले आणि लग्नाला हरकत नाही, पण मुलीने मागच्या सीटवर बसावं, असा शेरा मारला. बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. दिवसभर पुस्तकांच्या शांततेत काढून ती घरी यायची, दाराला किल्ली लावायची, आणि किल्ली उलटी धरली आहेस हे आतून ऐकून घ्यायची.

तर हे कुटुंब सुट्टीला समुद्रावर गेलं. साहेब, बायको, मुलगी आणि जावई. लाटांवर फळीवर उभं राहून सरकत जायचा तो खेळ, सर्फिंग, शिकवणारं एक केंद्र तिथे होतं. जावयाने स्वतःच्या आणि आपल्या बायकोच्या नावाने रोज सकाळचे पाच दिवस नोंदवले होते. पण पोचल्या दिवशीच संध्याकाळी जिना उतरताना त्याचा पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलाशी तो सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून बसला होता आणि मुलगी त्यावर बर्फ धरत होती. साहेबांनी चहा ढवळत निकाल सांगितला. ज्याला जमिनीवरची पायरी दिसत नाही, त्याला समुद्राने वाचवलं म्हणायचं.

"मग बाबा, तुम्हीच जा," मुलगी म्हणाली. ती फारसं हसली नाही, पण जावयाने मात्र कपात तोंड लपवलं.

साहेबांना ते टोचलं. समतोल, नजर आणि वेळेवर निर्णय, या तीन गोष्टी ज्याला येतात त्याला काहीही चालवता येतं, फळी तर फळी, असं त्यांनी ऐकवलं. वर गेले आणि पलंगावर पालथे पडून एकदम उठून उभं राहण्याचा सराव केला. तिसऱ्या खेपेला पलंगाची एक पट्टी मोडली. लाकूड निकृष्ट असल्याचं त्यांनी खाली येऊन व्यवस्थापकाला सांगितलं. रिकामी राहिलेली दुसरी जागा बायकोने घेतली. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिने फक्त टॉवेल एकाऐवजी दोन घेतले.

किनाऱ्यावर रबरी पोशाख मिळाले. साहेबांना त्यात शिरायला वीस मिनिटं लागली. पोट आत ढकललं की खांदे बाहेर येत, आणि खांदे कोंबले की श्वास. शेवटी ते बाहेर आले ते चेन पुढे घेऊन. शिकवणारी कोच तिशीची होती, उन्हाने रापलेली आणि शब्दाला महाग.

"काका, चेन पाठीला असते," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत त्यांना काका म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. पुढच्या बाजूला चेन जास्त सुरक्षित, आणीबाणीत स्वतः उघडता येते, असं त्यांनी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि त्यांना परत आत पाठवलं.

वर्गात आणखी एक जोडपं होतं, नुकतंच लग्न झालेलं. सगळ्यांनी फळ्या वाळूवर ठेवल्या आणि त्यावर पालथं पडून हात मारायला, मग उठून पाय रोवायला शिकू लागले. साहेबांची फळी वाळूवर असल्यामुळे ती हलायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे त्यांना सगळं जमलं. जमलं म्हटल्यावर ते नव्या नवरीचे पाय बघू लागले. तिचा मागचा पाय चार बोटं चुकतोय, नवऱ्याची मान खाली जातेय, आणि आपली बायको तर उठताना गुडघा टेकवते, हे त्यांनी एकेकाला सांगितलं. नवरीचा चेहरा उतरला. आतापर्यंत ती बरी उठत होती, आता दोनदा घसरली.

कोच त्यांच्यापाशी येऊन उकिडवी बसली. "काका, तुम्ही फक्त तुमचेच पाय बघा. ते दोनच आहेत."

पुढे सगळे पाण्यात उतरले. शहरातली निम्मी माणसं इतकी वर्षं साहेबांना पाण्यात पाहत होती. त्यातलं एकही त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हतं, हे त्यांचं दुर्दैव. पहिल्या लाटेला साहेब उजवीकडे पडले, दुसरीला डावीकडे. तिसरीला ते जागेवर राहिले आणि फळी एकटीच पुढे गेली. नाकातोंडात पाणी जात होतं, पण ते बाहेर आल्यावर आधी खुलासा येत होता. फळीला मेण कमी लावलंय. कोचने ढकलायची वेळ चुकवली. शेजारून नवरा गेला, त्याने अंतर ठेवलं नाही. सातव्यांदा पडल्यावर त्यांनी कोचला सांगितलं की लाट सूचना न देता डावीकडे वळली.

"हो," कोच म्हणाली, "त्यांना परवाना लागत नाही."

बायको त्यांच्यापासून दहा हातांवर पडत होती. ती मुळात उठतच नव्हती. फळीवर पोट टेकवून फेसाबरोबर वाळूपर्यंत घसरत यायची, तिथे कलंडायची, केस तोंडावर घेऊन उठायची आणि फळी ओढत परत आत जायची.

तास संपत आला होता. एक मध्यम लाट आली, कोचने फळीला धक्का दिला, आणि काय झालं कोण जाणे, साहेब उभे राहिले. पाय रोवले, गुडघे वाकवले, हात पसरले. फळी खालून सळसळत निघाली आणि किनारा समोरून चालत आला. साहेबांच्या छातीत एक विचित्र, मोकळं असं काहीतरी झालं. लहानपणी उतारावरून सायकल सोडल्यावर व्हायचं तसं. एखादा दुसरा माणूस त्यातच राहिला असता. साहेबांनी बघणारं कोणी आहे का ते पाहायला मान वळवली. कोच पाठमोरी होती, कारण बायको पाण्याखाली गेली होती आणि आता खोकत, हसत वर येत होती. नवरा नवरीकडे बघत होता, नवरी नवऱ्याकडे. ती दोघं तशीही आल्यापासून दुसरं काही बघत नव्हती.

"बघा," असं ओरडायला साहेबांनी तोंड उघडलं. त्याच क्षणी फळीचं नाक वाळूत रुतलं आणि पायाखालची वाळू सरकते म्हणतात तसं न होता, वाळू जागच्या जागी राहिली आणि साहेब सरकले. घोटाभर पाण्यात, उघड्या तोंडाने, ते सपशेल तोंडावर पडले.

वर आले तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. साहेबांचे वरचे पुढचे दोन दात खरे नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वी परीक्षेला आलेल्या एका नर्सने रस्त्यात मांजर आलं म्हणून करकचून ब्रेक मारला होता, आणि साहेबांनी पडलेलं पेन उचलायला नेमका पट्टा सोडला होता. मांजर वाचलं, दात गेले, नर्स नापास झाली. तेव्हापासून पातळ पट्टीवर बसवलेले दोन दात टाळूला चिकटून असत. ते आता समुद्राकडे होते.

साहेब हाताने पाणी दाखवू लागले. कोचला वाटलं काही चावलं. तिने शिटी वाजवली. बायको धावत आली, त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना स्वच्छ आवाजात सांगितलं, "ह्यांचे दात पडलेत. दोन. पुढचे."

मग सगळा वर्ग रांगत शोधायला लागला. नव्या नवरीने सगळ्यात मनापासून शोधलं. वाळू मुठीत घेऊन ती बोटांतून सोडत होती. नवऱ्याला दोनदा सापडले, दोन्ही वेळा शिंपले निघाले. अर्ध्या तासाने कोच उठून उभी राहिली आणि मिळायचे नाहीत, असं म्हणाली.

साहेबांना मात्र दातांपेक्षा दुसरंच काही सांगायचं होतं. त्यांनी तिला बाजूला घेतलं, तोंडावर हात धरला आणि हळूच म्हणाले, "मी तीन फेकंद उभा होतो."

कोचने फळी काखेत मारली. "मी पाहिलं नाही, काका."

सव्वीस वर्षं रोज दहा जणांना ते हेच सांगत आले होते. आरसा पाहिला असेल तुम्ही, मी तुम्हाला पाहताना पाहिलं नाही, म्हणजे ते झालं नाही. तक्त्यात तसा रकानाच नाही. आता त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवरीकडे पाहिलं, शेवटी बायकोकडे. तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत तेव्हा पाणी गेलं होतं.

उरलेले चार दिवस बायको रोज सकाळी एकटीच शिकायला गेली. साहेब टॉवेल सांभाळत वाळूत बसत. बोलता येत नव्हतं, म्हणजे येत होतं, पण 'स' आला की हवा निघे आणि जावई खिडकीतून बाहेर बघू लागे. त्यामुळे ते बोटाने वाळूत फुल्या मारत. बायको पडली की एक फुली. एका सकाळी एकतीस झाल्या. भरती आली की तक्ता पुसला जाई आणि साहेबांना सगळं पहिल्यापासून मोजावं लागे.

चार दिवसांत ती एकदाही उभी राहिली नाही. एकदा गुडघ्यांपर्यंत आली, तेवढंच. शेवटच्या सकाळी ती केस पिळत येऊन बसली, तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही. एकदाही उभी राहिली नाहीस, मग एवढं हसतेस कशाला, असं त्यांनी 'स' टाळत टाळत विचारलं. ते जमलं नाही.

"पडायला बरं वाटतं हो," ती म्हणाली. "कोणी बोलत नाही ना."

परत आल्यावर दातांच्या डॉक्टरांनी माप घेतलं आणि दहा दिवस लागतील म्हणाले. सोमवारी साहेब कामावर हजर झाले. मिटलेल्या ओठांनी गाडीत बसले आणि बोटाने रस्ता दाखवला. पहिला आला तो एक शिंपी, त्याची पाचवी खेप. घामाने त्याचा सदरा आधीच पाठीला चिकटला होता. पहिल्या वळणावर तो साहेबांच्या बोलण्याची वाट बघत थांबला. कोणी काही बोलेना, तसा वळला. दुसऱ्या वळणावर थांबला नाही. परत फाटकाशी येईपर्यंत तो चक्क खांदे खाली टाकून बसला होता. साहेबांनी तक्ता वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. फुली मारायला जागाच सापडेना.

त्या आठवड्यात जितके पास झाले तितके एरवी तीन महिन्यांत होत नसत. पास झालेल्यांना द्यायचे हिरवे कागद संपले. कारकून जुन्या कपाटातून नवीन गठ्ठा काढताना म्हणाला की हा गठ्ठा उघडायची वेळ त्याच्या नोकरीत येईल असं वाटलं नव्हतं. वरच्या साहेबांनी सगळ्या परीक्षकांची बैठक बोलावली, आमच्या साहेबांच्या नव्या पद्धतीचं कौतुक केलं आणि त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. साहेब उठले, उभे राहिले, मान हलवून खाली बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढा विनय त्यांच्या अंगी असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

साहेबांनी घरी येऊन कारण शोधून काढलं. सुट्ट्यांमुळे रस्त्यावर गर्दी कमी असावी. त्यांनी ते कागदावर लिहून बायकोला दाखवलं. तिने वाचलं आणि बरोबर आहे म्हणाली.

नवव्या दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला की दात तयार आहेत, कधीही न्यायला या. फोन बायकोने घेतला. तिच्या दुसऱ्या हातात पुस्तक होतं, बोट पानात अडकवलेलं.

"एवढी घाई नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "अजून दोन आठवडे तरी त्यांना वेळ होणार नाही."

आतल्या खोलीतून साहेबांनी दारात येऊन हातानेच विचारलं, कोण होतं. चुकीचा नंबर, असं सांगून ती खुर्चीत बसली आणि तिने पान उलटलं.