त्या वर्षीची फायनल

मेसच्या दारात आले की चाचा आधी दोन्ही कान झाकायचे. हेल्मेट काखेत, तळवे कानांवर आणि तोंडात एकच वाक्य, "सांगू नको हां." नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याला आतल्या गोंगाटाचा त्रास होतोय. खरं तर त्यांना एका फुटबॉल मॅचचा निकाल ऐकायचा नव्हता, आणि ती मॅच होऊन बरीच वर्षं उलटली होती.

तुम्ही कधी परदेशात लेबर कॅम्पात राहिला असाल, तर एखादं खूळ जपणारा माणूस तुमच्याही खोलीत असेलच. माझ्या शेजारच्या खाटेवर हे होते. दापोलीकडचे, एसी मेकॅनिक. जेद्दाच्या बलद या जुन्या वस्तीतल्या हॉटेलांच्या गच्च्यांवर आमचं काम चालायचं आणि मी त्यांचा सुपरवायझर. चाचांची रीत म्हणजे, स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवून मूठ कानाशी धरायची, थोडा वेळ ऐकायचं आणि म्हणायचं, "हा रडतोय." मग दुरुस्तीला बसायचं.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की जेवता जेवता ते मेसच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावायचे. युरोपातल्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा, तीही एकाच जुन्या सीझनची. त्यात प्रत्येक जोडीच्या दोन मॅच असतात, एक आपल्या मैदानावर आणि एक दुसऱ्याच्या. चाचा एका शुक्रवारी पहिली बघायचे, पुढच्या शुक्रवारी दुसरी. सेमीफायनल संपली की पुन्हा सुरुवातीपासून. आम्हाला सगळ्या मॅच तोंडपाठ झाल्या होत्या. कॉर्नर घेण्याआधीच आमचा मल्याळी कूक शांतपणे "गोल" म्हणायचा आणि ताटं उचलायला लागायचा. चाचा मात्र दर वेळी खुर्चीच्या कडेवर बसलेले.

फायनल ते लावायचेच नाहीत.

त्या वर्षी ते सुट्टीवर घरी होते. मॅच रात्री उशिरा असायच्या आणि मुलाचं बारावीचं वर्ष. म्हणून बापलेक दुसऱ्या दिवशी दुपारी रेकॉर्डिंग बघायचे. नियम एकच, एकट्यानं निकाल ऐकायचा नाही. कॉलेजातून येताना पोरगा कान झाकून घरात शिरायचा. सेमीफायनल झाली, सुट्टी संपली, चाचा जेद्दाला परतले. फायनल व्हिडिओ कॉलवर मिळून बघायचं ठरलं होतं. फायनलच्या आदल्या दिवशी पोराची बाइक डंपरखाली गेली.

फोन आला तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. त्यांनी फोन खिशात ठेवला, हातातला नट आवळून पुरा केला आणि म्हणाले, "यल्ला, खाली जाऊ." काय झालं ते मला जिन्यात कळलं. दफन त्याच दिवशी होणार होतं. देशाबाहेर जायचे कागद होऊन पोहोचणं शक्यच नव्हतं. पुढे शक्य होतं तेव्हाही ते गेले नाहीत. सुट्टीची पाळी आली की पुढे ढकलायचे. बायको फोनवर कधी येताय विचारायची आणि हे काम आहे म्हणून सांगायचे. त्यांना रडताना मी पाहिलं नाही. सुरुवातीला मला त्याचं फार वाईट वाटायचं. मग सवय झाली.

एकदा मी विचारलं, फायनल बघून का टाकत नाही?

"पोराला म्हायीत नाय," ते म्हणाले. "मग मी एकट्यान कसा बघू?"

तेव्हापासून कॅम्पात रिवाजच पडला. नवा माणूस आला की आधी पाणी द्यायचं आणि मग ताकीद.

एका शुक्रवारी कोल्हापूरचा एक इलेक्ट्रिशियन विमानतळावरून थेट मेसमध्ये आला. आम्ही नुकते आंघोळी, नमाज उरकून ताटावर बसलो होतो. त्याला पाणी मिळालं, ताकीद राहिली. आणि कोल्हापूरचा माणूस फुटबॉल दिसल्यावर गप्प बसतो होय? बॅग खांद्यावरच ठेवून तो टीव्हीकडे बघत म्हणाला, "ही त्या सालची सेमी न्हवं? अवो चाचा, ह्या लाल जर्सीवाल्यांनीच फायनल मारली की. आमच्या पेठेत फटाके वाजल्यात."

कुणीतरी टीव्ही बंद केला. चाचांचा हात ताटातच होता.

"लाल? नक्की?"

तो बिचारा आमच्या चेहऱ्यांकडे बघून घाबरला होता. त्यानं नुसती मान डोलावली.

"पोरगा लालवालाच होता," चाचा म्हणाले. उरलेला भात त्यांनी संपवला, ताट धुतलं आणि माझ्याजवळ आले. "माझी सुट्टी टाक. त्याला सांगायला होवा."

मी त्यांना विमानतळावर सोडलं. तिथल्या टीव्हीवर खेळाच्या बातम्या चालल्या होत्या. ते हात खाली सोडून बघत उभे राहिले.

ते परत आले नाहीत. खाट आता त्या कोल्हापूरकराकडे आहे. पण ते गेले त्याच्या पुढच्याच शुक्रवारी, जुम्म्यानंतर, त्यांचा फोन आला होता. कब्रस्तानातूनच. वारा खूप होता.

"सांगितला त्याला," ते म्हणाले.

मी म्हटलं, बरं केलंत. मागून त्यांची बायको, चला आता घरी, असं म्हणत होती. फोन तसाच चालू राहिला. चाचा रडत होते. मी फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिलो.