पंच म्हणून केलेली सही

अकोल्याच्या कोर्टातून साक्षीचं समन्स आलं, तेव्हापासून माझं कशात लक्ष नव्हतं. नामस्मरण चालू होतं, पण ते भीतीपोटी. ही गोष्ट मी तोवर घरातही कधी सांगितली नव्हती. आज लिहितो.

नऊ वर्षांपूर्वी मी अकोल्याच्या एका शाळेत शिक्षक होतो. शाळेतले दोन संगणक चोरीला गेले आणि आमचा शिपाई शालिकराम याच्यावर संशय आला. पोलीस जमादारानं मला पंच केलं. चोरीचा माल आरोपीच्या घरातून निघाला, हे पंचानं डोळ्यांनी पाहायचं असतं. मी शालिकच्या घरी गेलोच नाही. तयार पंचनाम्यावर स्टाफरूममध्ये बसून सही केली. “कागदापुरतं आहे सर,” जमादार म्हणाला. मला पाचव्या तासाला जायचं होतं. जामीन मिळेपर्यंत शालिक आठ महिने तुरुंगात राहिला. त्याच्या मुलीचं लग्न तो आत असतानाच लागलं. मी बदली मागून अमरावतीला आलो. दर वर्षी कौंडण्यपूरला जाऊन रुक्मिणीपुढे नारळ फोडायचो, गुरुवारही धरले. पण देवीपुढेसुद्धा ‘चूक झाली’ एवढंच म्हणायचो. कोणती, ते तोंडातून निघायचं नाही.

साक्षीच्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. “पंचनाम्यात आहे तेच सांगा, पाच मिनिटांचं काम,” असं सरकारी वकिलांनी बजावलं. माझा पुकारा जेवणाच्या सुट्टीनंतर होणार होता. व्हरांड्यातल्या बाकावर शालिक बसलेला दिसला. त्याची नजर चुकवून मी बाहेर पडलो आणि मागच्या गल्लीतल्या बुद्धविहाराच्या दारात, सावलीला उभा राहिलो. एक म्हातारी बाई म्हणाली, “दारात काहून उभे भाऊ? अंदर या, कूलर आहे.”

आत महिलांसाठी माहितीपट लावला होता. तिबेटमधले एक वृद्ध भिक्खू. कित्येक वर्षं तुरुंगात काढून आता परमुलखात, हिमाचलमधल्या एका खोलीत राहणारे. पडद्याखालची वाक्यं इंग्रजीत होती, म्हणून एक निवृत्त नर्सबाई माइकवर वऱ्हाडीत सांगत होत्या. मागून कोणी म्हणालं, “ताई, भंतेजी केव्हाचे चूप झाले, तुमीच बोलून राहिल्या.” “मंग? त्याइच्या चेहऱ्यावरचं कोण सांगन तुले?” बाया हसल्या.

मग त्या भिक्खूंना विचारलं गेलं, मठातल्या ज्या सोबत्यानं तुमच्याविरुद्ध खोटी जबानी दिली, त्याच्याबद्दल काय वाटतं? नर्सबाई सावकाश सांगू लागल्या, “भंतेजी म्हणतेत, त्याले भेव वाटलं असन. मले त सोडलं, तो अजून आतच असन. मी वाट पाहून राहिलो त्याची. तो येत काहून नाई?”

मी उठलो. म्हातारीनं विचारलं, “पूर्ण नाई पाहत का?” मी नुसते हात जोडले.

कोर्टात मी सांगितलं, की मी आरोपीच्या घरी गेलो नव्हतो, काही पाहिलं नव्हतं, सही शाळेत केली. सरकारी वकिलांनी मला फितूर साक्षीदार ठरवलं. न्यायाधीशसाहेबांनी विचारलं, “मग सही का केलीत?” मी म्हणालो, “तासाची घाई होती, साहेब. आणि हा गरीब माणूस, हा काय बोलणार, असंही मनात होतं.” हे दुसरं कारण मी तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

बाहेर शालिकनं मला गाठलं. “सर, तवाच सांगतलं असतं त पोरीच्या लग्नात असतो मी.”

“हो,” मी म्हणालो.

तो चार पावलं गेला आणि वळला. “बस स्टँडवर जाता का? ऑटो इथून नाई भेटत. समोरच्या चौकात जा.”

निकाल अजून लागलेला नाही. माझ्यावर कारवाई होईल, असं वकील म्हणतात. पूर्वी मी देवीकडे हे प्रकरण मिटावं म्हणून मागायचो. आता काही मागत नाही, जे होईल ते तिच्या पायाशी. त्या दुपारी मला आत कुणी बोलावलं, देवीनं की बुद्धानं, याचा विचार मी फार करत नाही. त्या म्हातारीचं नावही विचारलं नाही. तिचे उपकार आहेत, इतकं कळतं. शालिकनं मला क्षमा केली, असं मी लिहिणार नाही. तो तसं म्हणाला नाही. त्यानं रस्ता सांगितला, आणि मी त्या रस्त्यानं घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.