विरोधी पॅनलची पिशवी

कॅरीबॅग बंद झाली त्या साली आमच्या गावात माणूस पिशवीवरून ओळखायचे. कारण त्याच साली सोसायटीची निवडणूक लागली आणि दोन्ही पॅनलनी घरोघर कापडी पिशव्या वाटल्या. एकीवर आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा फोटो. दुसरीवर विरोधी पॅनलप्रमुखाचा. आप्पांच्या अर्जावर सूचक म्हणून सही माझी. मतदान आठ दिवसांवर आलेलं.

आता खरं सांगायचं, तर आप्पांच्या पिशवीतून मैदा चाळून घ्यावा, इतकं तिचं कापड विरळ. विरोधकांची मात्र जाडजूड, दुहेरी शिलाईची. तिच्यात रेडकू बसवून कवठे येमाईपर्यंत चालत न्यावं, टाका हलायचा नाही.

बायकोनं विरोधकांचीच पुढं केली आणि म्हणाली, "पाच किलो कांदं आणायचंत. हीच न्या. उलटी करून."

शिरूरच्या बाजारात शिरलो आणि अख्खा बाजार माझ्या हाताकडं बघायला लागला. कोथिंबीरवाल्या मावशींनी तर जुडी द्यायची थांबवली.

"पिशवी उलटी का वो?"

"बाहेरनं मळलीय."

"मंग मळकी बाजू भाजीला लावता व्हय?"

मी पुढं सटकलो. कांदे भरून वळलो, तर समोर आप्पा.

"सुलटी कर."

"आप्पा, कांदं हायती तिच्यात."

आप्पांनी सरळ आत हात घातला आणि कांद्यांमधून फोटो चाचपला. देवाशप्पथ, नुसत्या बोटांनी त्यांनी विरोधकाच्या मिशा ओळखल्या!

"अर्जावर तुझी सही, आन् कांदं त्याच्या पिशवीत?"

"घट हाय म्हणून घेतली, आप्पा."

"कोण घट हाय? तो?"

त्यांनी खिशातून स्वतःच्या फोटोची कोरी पिशवी काढली. "हिच्यात भर." भरली. दहा पावलं गेलो असू, तळ फाटला. कांदे असे धावले, की दोनचार तर भांडगावला हायवेवर सापडले असतील. विरोधी पॅनलची चार माणसं चहाच्या गाड्यावर उभीच होती.

"आप्पा, आमची देऊ का एक?"

आप्पा वाकले, माझी पिशवी स्वतः उघडी धरली आणि म्हणाले, "भर गुमान."

मतदानाच्या दिवशी बाहेरच्या टेबलावर त्यांनी मला बसू दिलं नाही. मत देऊन आलो, तर गेटातच उभे.

"कुणाला दिलं?"

"तुम्हालाच की!"

"मिशा होत्या का त्याला?"

आप्पा निवडून आले. गुलालात न्हालेले, घरोघर जाऊन हात जोडत होते. कुत्र्यामांजरांचेसुद्धा आभार मानले असतील. आमच्या दारात मात्र बायकोला हात जोडले आणि माझ्यापाशी आल्यावर तेच हात मागं घेतले.

"तुझं काय कळंना बाबा."

मत मी आप्पांनाच दिलं होतं. आता तुम्ही तरी असं बघू नका.