शकुच्या गाडीच्या नव्या डिस्क

शकुच्या नवऱ्याने, म्हणजे नंदकुमारने, उभ्या आयुष्यात दोन गोष्टींना कुणाला हात लावू दिला नाही. टीव्हीचा रिमोट आणि ती लाल गाडी. रिमोट निदान तो झोपल्यावर तरी मिळायचा, गाडीची चावी उशीखाली असायची. तो गेला, दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, आणि शकुने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वय साठीला टेकलेलं. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला. मी समोरच्या दारातली, मला माहीत होतं की परिणाम कसला आहे तो. बाई सुटली होती. असं बोलू नये म्हणतात, मी बोलते.

तर शकु गाडी चालवते आणि बरी चालवते. रविवारी सकाळी मला मागे बसवून मुलुंडहून पार मढला जाते, कारण इथल्या बाजारातले बोंबील तिला आजारी दिसतात. मालवणची बाई, माशांच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची माझी टाप नाही. अशाच एका रविवारी मालाडच्या सिग्नलला तिने ब्रेक दाबला तर चाकातून चर्रर्र आवाज आला आणि स्टिअरिंग ताकातल्या रवीसारखं थरथरायला लागलं. थांबली गाडी, पण बोंबलांची पिशवी माझ्या मांडीवरून थेट गिअरवर.

हे तिच्या मुलाला, सुशांतला, सांगायची गरज नव्हती. शकुने सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही. सुशांत मरोळला कुठल्याशा कंपनीत मॅनेजर आहे, घरी आल्यावरही अंगातला मॅनेजर उतरत नाही. म्हणाला, "आई, बास झालं. गाडी विकू." मग बरीच वादावादी होऊन असं ठरलं की शकुने ब्रेक नीट करून घ्यायचे, सुशांतने शेजारी बसून बघायचं, आणि गाडी नीट थांबली नाही तर चावी कायमची त्याच्याकडे. चावी गेली की शकु परत गॅलरीत बसून कबुतरं हाकलणार. मला एवढा राग आला की मी त्या दिवशी सुशांतच्या वाटणीचे बोंबील परत घेतले.

गल्लीच्या तोंडावर सुबोधचं गॅरेज आहे. त्याने चाक काढून दाखवलं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी असते ती डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. एवढं मलाही कळलं. पॅड संपले होते आणि डिस्क झिजून तिला कडा आली होती. "लेथवर घासून आणता येईल, पण पातळ झालीय," सुबोध म्हणाला. "नवीनच घ्या मावशी."

झालं. सगळी बिल्डिंग इंजिनियर झाली. तिसऱ्या मजल्यावरचा दादू म्हणाला, भोकं पाडलेल्या रेसिंगच्या डिस्क घ्या. शकु म्हणाली, "मेल्या, मी काय चाळणी आणायला चाललेय?" सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाला, जी जास्त खराब आहे तेवढी एकच बदला. त्याला तिने सांगितलं, "एका पायात नवी चप्पल आणि एका पायात जुनी घालून गेटपर्यंत चालून दाखवा, मग बदलते." शेवटी आम्ही दोघी घाटकोपरला गेलो. दुकानदाराने डिस्कचे तीन जोड मांडले. शकुने प्रत्येकीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. दुकानदार म्हणाला, "मावशी, मडकं नाही ते." तिने मधला जोड उचलला, वजन बघितलं आणि विचारलं, "हे ओतीव बीड ना?"

"हो, बीडच."

बरोबर सांगितलं बिचाऱ्याने, आणि तिथेच आमची वाट लागली.

दुसऱ्या दिवशी दसरा, गॅरेज बंद, म्हणून डिस्क आणि पॅड शकुच्या घरी आले. पाटावर मांडले गेले. झेंडू, हळदकुंकू, सगळं झालं. मी त्या दिवशी विहारात होते, नाहीतर तिला अडवलं असतं. कसलं अडवते, मलाही त्यातलं ओ की ठो कळत नाही. पूजा झाल्यावर शकुच्या मनात आलं की बिडाचा नवा तवा तेल पाजल्याशिवाय वापरायला काढत नाहीत, कोकणात शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. तेव्हा तिने दोन्ही डिस्क कोमट करून खोबरेल तेल चोळचोळ चोळलं. उरलेला हात पॅडवरून फिरवला. पॅडनी ते तेल गुपचूप पिऊन टाकलं. वरून काही दिसेना.

सुबोधला डिस्क चिकट लागल्या. नव्या मालाला कंपनीचं तेल असतंच, म्हणून त्याने त्या पेट्रोलने पुसल्या. पॅड तसेच बसवले. "ब्रेक जरा नरम लागतोय, पण नवीन आहे, बसेल," म्हणाला.

रविवारी परीक्षा. आमच्या बिल्डिंगपासून गेटपर्यंत चांगला उतार आहे. सुशांत हाताची घडी घालून शेजारी, मी मागे. शकुने उतारावर ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गाडीने ऐकून घेतलं आणि आपल्या मनाने चालत राहिली, अगदी नंदकुमारसारखी. गेटवरचा वॉचमन धोंडिराम खुर्चीवरून उठला. खुर्ची मात्र उठली नाही. ती खाली चेपली तेव्हा शकुने हॅन्डब्रेक खेचला आणि आम्ही थांबलो. मग चाकांतून वास आला. शकुच्या स्वयंपाकघरात मी इतकी वर्षं घावणे खाल्लेत, मला लगेच कळलं. शकुलाही कळलं.

सुशांतला कळलं नाही. त्याने सुबोधला बोलावून घेतलं आणि चारचौघांत झापायला सुरुवात केली. आईचा जीव घ्यायला निघालास, धंदा बंद करीन, काय वाट्टेल ते. सुबोधचं तोंड एवढंसं झालं. "पॅड खराब निघाले असतील साहेब. मी बघायला पाहिजे होतं." मी मागून शकुचा दंड दाबला आणि कानात म्हटलं, गप्प बस. चूक गॅरेजवर गेली तर चावी वाचत होती. सुबोधला नंतर समजावलं असतं.

शकु उतरली. "त्याला नको बोलूस. तेल मी लावलं."

तव्याचं सगळं तिने सांगितलं. धोंडिरामसुद्धा हसला. सुशांतने हात पुढे केला. "चावी."

"देते," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या शेजारी मी जन्मभर बसले. कशेडी घाटात ते ट्रकला घासून गाडी काढायचे आणि मी पायाखालचं मॅटिंग दाबत बसायची. तिथे ब्रेक नसतो रे. मॅटिंगला भोक पडलं, तू विचारायचास उंदराने खाल्लं का. आज मी चुकले, पण ब्रेक माझ्या पायाखाली होता, आणि तो लागला नाही तेव्हा दुसरा मीच शोधला."

तिने चावी त्याच्या हातावर ठेवली आणि जिना चढून गेली. सुशांत गाडीपाशीच उभा राहिला. मग त्याने डावीकडचा दरवाजा उघडून खाली बघितलं. नंदकुमारने मॅटिंग कधी बदललं नव्हतं. बराच वेळ बघून त्याने चावी सुबोधला दिली. "डिस्क नीट साफ कर आणि नवे पॅड घाल. आणि सॉरी यार." थोडं पुढे जाऊन परत वळला. "पॅड आईच्या हातात देऊ नकोस."

पुढच्या रविवारी आम्ही मढला निघालो, सुशांत शेजारी. बोंबील घेऊन येताना मालाडला एक रिक्षा आडवी घुसली. शकुने ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, पिशवी माझ्या मांडीवरच राहिली. पुढे वाकून बघितलं तर सुशांतचा उजवा पाय त्या भोकात पार रुतलेला. शकुनेही बघितलं.

"दाब, दाब," ती म्हणाली. "तिथे काही होत नाही, पण बरं वाटतं."